पायांवाचून टेनिस

मैदानी खेळांपैकी पडद्यावर सगळ्यात आधी कोणता खेळ आला असेल, असं विचारलं तर आपल्याकडे दहातले नऊ जण डोळे मिटून क्रिकेट म्हणतील आणि दहावा फुटबॉल म्हणेल. तो मान टेनिसचा. गंमत म्हणजे तो त्याला खेळण्यांच्या कारखान्यात नाही, अणुसंशोधनाच्या प्रयोगशाळेत मिळाला.

१९५८चा ऑक्टोबर. न्यूयॉर्क राज्यातल्या ब्रूकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेने पाहुण्यांसाठी दारं उघडली होती. अशा दिवशी लोक येतात, तक्त्यांपुढे मान डोलावतात, "बरंच काम चालतं हो इथे" म्हणतात आणि चहाची चौकशी करतात. विल्यम हिगिनबॉथम नावाच्या शास्त्रज्ञाला हे काही बघवेना. युद्धाच्या काळात हा गृहस्थ अणुबॉम्बच्या इलेक्ट्रॉनिक्सवर काम करत होता आणि युद्धानंतर अण्वस्त्रांना आळा बसावा म्हणून झटत होता. त्याने ऑसिलोस्कोपच्या जेमतेम पाच इंची पडद्यावर टेनिस मांडलं. एक आडवी रेघ म्हणजे कोर्ट, मधली बुटकी उभी रेघ म्हणजे नेट, आणि एक उजेडाचा ठिपका म्हणजे चेंडू. प्रत्येकाच्या हातात एक खोका. त्यावरची कळ फिरवून दिशा ठरवायची आणि बटण दाबून फटका मारायचा. ठिपका उडायचा, खाली यायचा, टप्पा घ्यायचा, नेटला लागून मागे फिरायचा. लोकांनी रांगा लावल्या. पुढच्या वर्षी पडदा मोठा झाला, शिवाय चंद्रावरच्या आणि गुरूवरच्या गुरुत्वाकर्षणात खेळायची सोय झाली. मला हे फार आवडतं. माणूस चंद्रावर पोचायला अजून दहा वर्षं होती, पण तिथे लॉब किती वेळ हवेत राहील याचा हिशेब तयार होता.

त्या पडद्यावर नव्हता तो फक्त खेळाडू. रॅकेट नाही, हात नाहीत आणि पाय तर नाहीतच. टेनिसमध्ये धावण्यासारखं जे काही असतं ते हिगिनबॉथमसाहेबांनी पहिल्याच दिवशी वगळून टाकलं. गेली साठ-पासष्ट वर्षं टेनिसचे व्हिडिओ गेम त्याच वाटेने चालले आहेत, असं माझं मत आहे. त्यांच्यातलं जे उत्तम आहे ते इथूनच आलं आणि जे अपुरं आहे तेही.

१९७२मध्ये अ‍ॅलन अल्कॉर्न या तरुण इंजिनिअरने अटारी कंपनीसाठी 'पाँग' बनवला. दोन उभ्या रेघा आणि चौकोनी चेंडू, एवढाच संसार. कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेल गावच्या एका बारमध्ये पहिलं यंत्र ठेवलं आणि थोड्याच दिवसांत ते बंद पडल्याचा निरोप आला. अल्कॉर्न जाऊन बघतो तर यंत्र ठणठणीत. नाणी साठवायचा डबा काठोकाठ भरल्यामुळे नवं नाणं आत जात नव्हतं, एवढंच. या पाँगमध्ये एक खोट होती. ती रेघ पडद्याच्या अगदी वरच्या टोकापर्यंत पोचत नसे, त्यामुळे तिथून चेंडू हमखास निसटायचा. सर्किटचा दोष होता आणि अल्कॉर्नला तो माहीत होता. त्याने मुद्दाम तसाच ठेवला, कारण दोष काढला असता तर दोन पटाईत माणसं एका नाण्यात दिवस मावळेपर्यंत खेळत बसली असती. टेनिसच्या गेमची बलस्थानं एका रकान्यात आणि उणिवा दुसऱ्या रकान्यात मांडायला निघालेल्या माणसाने इथेच पेन खाली ठेवावं.

आमच्याकडे हे प्रकरण नव्वदच्या दशकात आलं. त्याला व्हिडिओ गेम असं भारदस्त कुणी म्हणत नसे. 'टीव्ही गेम'. गल्लीत एखाद्याच्या घरी असायचा, नाहीतर तासावर भाड्याने मिळायचा. कॅसेट लागली नाही की ती काढून तिच्यात जोरात फुंकर मारायची, हा सार्वत्रिक उपाय होता. निन्टेन्डोचा १९८४चा 'टेनिस' अशाच कुठल्या तरी कॅसेटमध्ये इतर खेळांच्या गर्दीत सापडायचा. ज्याच्या उड्यांवर अख्खी कंपनी उभी राहिली तो मारिओ या गेममध्ये एकही उडी मारत नाही. उंच खुर्चीत बसून पंचगिरी करतो. एका बटणाने साधा फटका, दुसऱ्याने लॉब, आणि धावणं सगळं आपल्या डाव्या अंगठ्याकडे. म्हणजे पाय आले, पण अंगठ्यात आले. घट्टे मात्र खरे पडायचे.

आता आजच्या गोष्टीकडे येतो. 'टॉप स्पिन' ही गेमची मालिका २००३मध्ये सुरू झाली. तिचा चौथा भाग २०११मध्ये आला आणि टेनिस खेळणाऱ्यांनी तो डोक्यावर घेतला. पुढचा भाग यायला तेरा वर्षं लागली. एप्रिल २०२४मध्ये 'टॉप स्पिन टू-के ट्वेंटीफाइव्ह' आला, तोवर फेडरर आणि सेरेना दोघंही खेळ सोडून मोकळे झाले होते. पडद्यावर मात्र दोघंही ऐन भरात आहेत. सॅम्प्रस आणि अगासीसुद्धा आहेत. सॅम्प्रसला अल्कारासशी भिडवायचं, ही कट्ट्यावर तास-तास चालणारी चर्चा इथे पाच मिनिटांत निकालात निघते. मात्र २४ ग्रँड स्लॅम एकेरी विजेतेपदं मिळवलेला जोकोविच गेम आला तेव्हा यादीत नव्हता. खेळाडूचा चेहरा वापरायचा तर त्याच्याशी करार लागतो. त्यामुळे टेनिसच्या इतिहासात ज्याला कुणी टाळू शकत नाही, त्याला गेममध्ये सहज टाळता येतं. प्रतिस्पर्ध्यांना केवढा दिलासा!

आमच्या पुतण्याने हा गेम घेतला आणि मला दुसरा रिमोट दिला. त्याला रिमोट म्हणायचं नाही, कंट्रोलर म्हणायचं, हे मला लगेच सांगण्यात आलं.

"काका, चेंडू यायच्या आधीच बटण दाबून ठेवायचं."

"ठेवलंय."

"आता सोडा."

"आता म्हणजे?"

"आता म्हणजे मघाशी!"

तोवर माझा फेडरर चेंडूकडे बघत उभा राहिलेला असायचा. खऱ्या फेडररला मी अशा चेहऱ्याने उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं.

पण खरं सांगतो, गेमचा सगळा जीव या बटण सोडण्यात आहे, आणि तो अस्सल टेनिसचाच जीव आहे. बटण नुसतं टिचकीसारखं दाबलं तर चेंडू ताब्यात राहतो, दाबून धरलं तर जोर येतो. जोर हवा असेल तर आधीपासून तयारीत राहावं लागतं, म्हणजे रॅकेट मागे नेऊन ठेवणं आलं. खेळाडूच्या शेजारी एक छोटी पट्टी असते. नेमक्या क्षणी सोडलंत तर ती हिरवी होते, नाहीतर घाई झाली किंवा उशीर झाला, असं तोंडावर सांगते. ओट्यापाशी उभं राहून दूध वर येताना बघणं आणि ते उतू जायच्या एक क्षण आधी गॅस बंद करणं ज्यांना जमतं, त्यांना हा गेम दोन दिवसांत येईल. माझ्या लहानपणीच्या प्रशिक्षकांनी "लवकर रॅकेट मागे घे रे" असं ओरडून ओरडून जे माझ्या डोक्यात भरायचा प्रयत्न केला, ते या पट्टीने आवाज न चढवता भरलं. टेनिस म्हणजे ताकद नव्हे, वेळ, हे एवढ्या स्वच्छपणे दाखवणारी दुसरी शाळा मी पाहिलेली नाही.

दुसरी खरी गोष्ट म्हणजे कोन. चेंडू एकदा उजव्या कोपऱ्यात, पुन्हा उजव्या कोपऱ्यात, आणि समोरचा तिकडे सरकायला लागला की डावीकडे. कोर्ट वरून, पाठीमागून दिसत असल्यामुळे रिकामी जागा डोळ्यांत भरते. क्लबात नेटसमोर उभं राहिलं की मला समोरचा माणूस दिसतो आणि मी इमानेइतबारे चेंडू त्याच्याच अंगावर मारतो. पडद्यावर प्रथमच कळलं की कोर्टाला कोपरेही असतात. तीच गोष्ट जमिनीची. लाल मातीवर चेंडू मंदावतो, उंच उसळतो आणि खेळाडू घसरत घसरत फटका मारतो. गवतावर स्लाइस केलेला चेंडू खालीच राहतो आणि सरपटत निघून जातो. फ्रेंच ओपन १४ वेळा जिंकणारा नदाल मातीवर एवढा अजिंक्य का होता, हे लेख वाचून जेवढं कळलं नव्हतं तेवढं लाल कोर्टावर सलग तीन गेम खेळल्यावर कळतं. आणि जोरजोरात मारत सुटलं की खेळाडूची दमसासाची पट्टी उतरत जाते. मग त्याचे फटके ढिले पडतात. मी सोफ्यावर ताजातवाना, तो बिचारा तिकडे धापा टाकतोय!

या गेममध्ये शिकवणीचा वर्गही आहे, आणि मास्तरांचा आवाज आहे जॉन मॅकेन्रो यांचा. १९८१च्या विम्बल्डनला पंचांवर तोफ डागणारे, १९९०च्या ऑस्ट्रेलियन ओपनमधून गैरवर्तनासाठी हाकलले गेलेले तेच मॅकेन्रो. ते मला स्लाइस कधी मारावा हे शांतपणे समजावतात. मी चुकत राहतो आणि ते एकदाही चिडत नाहीत. हा गेमचा गुण मानायचा की दोष, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मग उणीव कोणती? जाणकार सांगतील की करिअर खेळायचं तर इंटरनेट सतत चालू हवं, आणि गेममधलं चलन खऱ्या पैशांनी विकत घेण्याचा मोह पावलोपावली समोर ठेवलेला असतो. दोन्ही तक्रारी रास्त आहेत. पण त्या आजकालच्या सगळ्याच गेमना लागू आहेत. टेनिसच्या गेमची खास स्वतःची उणीव माझ्या मते वेगळीच आहे. इथे चेंडू फार कमी वेळा बाहेर जातो.

हसू नका. आमच्यासारख्यांच्या टेनिसमध्ये गुण कुणी जिंकत नाही, समोरचा हरतो. चेंडू नेटमध्ये, चेंडू बाहेर, चेंडू शेजारच्या कोर्टात, चेंडू झाडावर. चौथ्या फटक्यापर्यंत रॅली टिकली तर चौघेही थबकून एकमेकांकडे कौतुकाने बघतात आणि त्या कौतुकातच पाचवा फटका हुकतो. पडद्यावर अजाण माणूसही मजेत दहा-बारा फटक्यांची रॅली करतो, कारण खेळाडूला चेंडूपाशी नेऊन उभं करायचं अर्धंअधिक काम गेमच करतो. पाऊल आखडतं घेणं, शेवटच्या क्षणी अर्धं पाऊल मागे सरकणं, चेंडू अंगावर आल्यावर कंबर बाजूला काढणं, या सगळ्याला टेनिसचे लोक फुटवर्क म्हणतात आणि पोरांची उमेदीची वर्षं त्यात घालवतात. गेममध्ये ते काम एका अंगठ्यात उरकतं. बरोबरच आहे. ते सगळं खेळणाऱ्याच्या गळ्यात घातलं असतं तर गेम दुसऱ्या दिवशी माळ्यावर गेला असता. पाँगच्या वेळी अल्कॉर्नने खोट ठेवून खेळ वाचवला. इथे खोटी काढून टाकून तो वाचवला आहे.

त्यात गेला तो सकाळी सातचा डबल्स. आमच्या कोर्टावर माळी पाणी मारून, रोलर फिरवून जातो आणि चुन्याच्या रेघा अर्ध्या पुसलेल्या असतात. एक जण हमखास नी-कॅप बांधून येतो आणि धावावं लागेल असा चेंडू दिसला की जागेवरूनच "युवर्स!" म्हणून ओरडतो. दोघंही एकमेकांना "युवर्स" म्हणतात आणि चेंडू मधून सन्मानाने जातो. चौथा गडी आला नाही तर मार्करला विनंती करायची. मार्कर म्हणजे क्लबाचा पगारी खेळाडू, जो आमच्यात सगळ्यात चांगला खेळतो आणि ते दिसू नये म्हणून सगळ्यात जास्त कष्ट घेतो. चेंडू आत की बाहेर, यावर वाद. "आत होता." "खूण दाखवा." खूण दाखवायला जाताना तिच्यावरच पाय पडतो. मग दोघांचा मान राखून "लेट, पुन्हा घ्या." पडद्यावर कॉम्प्युटरचा जोडीदार घेऊन डबल्स खेळता येतं, पण तो न बोलता आपला कोपरा सांभाळतो. त्याने एकदा तरी "सॉरी पार्टनर" म्हणावं, असं फार वाटतं.

डबल्सबद्दल आपल्याला वाटतं ते उगाच नाही. भारताने टेनिसमध्ये जग जिंकलं ते बहुतेक जोडीने. पेस आणि भूपती यांनी १९९९मध्ये एकाच वर्षी फ्रेंच ओपन आणि विम्बल्डन जिंकलं. रोहन बोपण्णा जानेवारी २०२४मध्ये मॅथ्यू एबडनबरोबर ऑस्ट्रेलियन ओपन जिंकला तेव्हा त्याने चाळिशी ओलांडून तीन वर्षं झाली होती. गेम बनवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे मात्र टेनिस म्हणजे एक माणूस इकडे, एक माणूस तिकडे. डबल्स असतं, पण लग्नाच्या पंगतीतल्या कोशिंबिरीएवढं.

आता एक गोष्ट घरातली. २००६मध्ये निन्टेन्डोने 'वी' हे यंत्र काढलं आणि त्याबरोबर बऱ्याच देशांत 'वी स्पोर्ट्‌स' दिला. माझ्या मेहुण्याने तो अमेरिकेहून आणला होता. हातातली कांडी रॅकेटसारखी फिरवायची, चेंडूकडे धावायचं काम पडद्यावरची बाहुली आपणहून करते. मी पहिल्या दिवशी शॉर्ट्‌स घालून, सोफा मागे सरकवून, खरा फोरहँड मारायला सज्ज झालो. ही तिकडे खुर्चीत मटार सोलत बसली होती.

"अहो, पंख्याला हात लागेल."

"टेनिस आहे हे. अंग मोकळं करावं लागतं."

"द्या बघू इकडे."

तिने डाव्या हातात मटाराची शेंग तशीच ठेवून उजव्या हाताचं नुसतं मनगट हलवलं. यंत्राला तेवढंच हवं होतं. त्याला माझा पूर्ण फिरवलेला खांदा आणि तिचं अर्धा इंच हललेलं मनगट यांत काही फरक कळत नाही. कळते ती वेळ, आणि वेळ साधण्यात या घरात तिचा हात कुणी धरत नाही. सेट संपला तेव्हा मटार सोलून झाले होते आणि माझा खांदा धरला होता.

खांदा धरणं ही काही माझ्या वयाची तक्रार नव्हे. २००७मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात स्पेनच्या एका डॉक्टरने २९ वर्षांच्या धडधाकट माणसाची हकीकत पत्रातून छापली होती. रविवारी सकाळी उजव्या खांद्यात कळ घेऊन तो उठला. कुठे पडला नाही, कुठला खेळ खेळला नाही. चौकशीअंती कळलं की नवाकोरा वी घेऊन तो कित्येक तास टेनिस खेळत होता. डॉक्टरांनी या दुखण्याचं बारसंही केलं, 'वीआयटिस'. उपचार म्हणजे आठवडाभर वेदनाशामक गोळ्या आणि वी पूर्ण बंद. रुग्ण खडखडीत बरा झाला. त्याच्या आदल्या वर्षी, डिसेंबर २००६मध्ये, निन्टेन्डोने मनगटाला बांधायचे सुमारे ३२ लाख पट्टे बदलून द्यायची घोषणा केली होती. फटक्याच्या भरात हातातली कांडी सुटून ती टीव्हीवर आदळू लागली होती. पायांना सुट्टी दिली की माणूस हातांनी काय काय करतो!

इकडे खरं टेनिस हळूहळू गेमसारखं व्हायला लागलंय, हे मात्र मला खटकतं. २०२५मध्ये विम्बल्डनने रेषेवरचे पंच हटवले. त्यांच्या जागी यंत्र आलं. त्याच स्पर्धेत सेंटर कोर्टवर पावल्युचेन्कोवा आणि ब्रिटनची सोनाय कार्टल यांच्या सामन्यात कार्टलचा एक चेंडू स्पष्ट बाहेर पडला आणि यंत्र गप्प राहिलं. नंतर उलगडा झाला की कुणीतरी माणसाने ते चुकून बंद ठेवलं होतं. निकाल काय, तर गुण पुन्हा खेळा. म्हणजे विम्बल्डनच्या सेंटर कोर्टवर शेवटी आमच्याच क्लबाचा नियम लागला. त्या दिवशी आमच्या नी-कॅपवाल्या गृहस्थांनी सगळ्यांना चहा पाजला.

तर गेम घ्यावा का? जरूर घ्यावा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पुण्यातली मातीची कोर्टं चिखलात असतात, त्या चार महिन्यांसाठी याहून चांगलं काही नाही. वेळ साधायला शिकाल, कोर्टाचे कोपरे ओळखायला शिकाल, आणि घरात टेनिस कुणाला येतं तेही एकदाचं कळेल. वी घेतलात तर पट्टा मनगटाला बांधा. पाऊस ओसरला की मात्र कोर्टावर या. सकाळी सात वाजता आम्हाला चौथा गडी नेहमीच कमी पडतो. खेळ येत नसला तरी चालेल, चेंडू मात्र आपले आपण उचलावे लागतील.